पूर्ण पाळी उभा

कारखान्यात त्याला सगळे भिंगरी म्हणत. प्रेस मशीनवर काम करणारा माणूस सहसा मशीनइतकाच एका जागी असतो, पण हा कधी थांबतच नसे. पत्रा दट्ट्याखाली सरकवायचा, पेडल दाबायचं, घडलेला तुकडा खोक्यात टाकायचा, आणि दट्ट्या वर जायला जो वेळ लागतो तेवढ्यात शेजारच्या मशीनवाल्याच्या पाठीत एक चापट ठेवून परत जागेवर यायचं. शेजारचा वैतागायचा. "अरे, बूड टेकव कुठेतरी," म्हणायचा. भिंगरी म्हणायचा, "बूड टेकवायला घर आहे."

घर चौथ्या मजल्यावर होतं, म्हणजे अगदी वर. इमारतीचा जिना इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यायचं. प्रत्येक मजल्यावर वळण, आणि वळणावरच्या पायऱ्या एका बाजूने रुंद तर दुसऱ्या बाजूने बोटभर. घरात दोन खोल्या, बायको आणि एक मुलगी. बायको इमारतीतल्या लोकांचे कपडे इस्त्रीला घ्यायची, त्यामुळे बाहेरच्या खोलीत कायम गरम कापडाचा वास असायचा. मुलीला घरात चिमणी म्हणत.

अपघात झाला तो पत्र्याच्या गठ्ठ्याने. क्रेनची साखळी आकड्यातून निसटली, गठ्ठा खाली आला आणि भिंगरीचा डावा पाय त्याखाली सापडला. डॉक्टरांनी पाय गुडघ्याच्या वर कापला. कारखान्याने हात वर केले नाहीत, हे खरं. साहेब स्वतः दवाखान्यात आले, खाटेशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "पाय आम्ही देऊ. लेखी देऊ."

लेखी म्हटलं की कारखान्यात एकच नाव यायचं, करारवाल्या बाईंचं. या बाई कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांनी एक नियम धरला होता: करारात आपण काय काय करणार ते लिहायचं नाही, काम झाल्यावर काय झालेलं दिसेल तेवढंच लिहायचं, एका वाक्यात, तपासता येईल असं. त्या रकान्याला त्या 'अपेक्षित निष्पत्ती' म्हणत. स्वच्छतागृहांच्या करारात पूर्वी झाडूपासून फिनेलपर्यंत पानभर मजकूर असायचा. बाईंनी तो खोडून लिहिलं, 'आत जाणाऱ्यास नाक दाबावे लागणार नाही.' कामगार पोट धरून हसले. पण नंतर खरोखरच नाक दाबावं लागेना. पद्धत चांगली होती. वाक्य बरोबर असेल तर तिच्यासारखी पद्धत नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर भिंगरीला मेहुण्याने पाठीवर घेऊन वर नेलं. मेहुणा टेम्पो चालवायचा, अंगाने दणकट आणि तोंडाने त्याहून.

"भाऊजी, एक पाय कमी झाला तरी वजन तेवढंच कसं हो?" दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत तो म्हणाला. "काही परत शिवून घेतलंय का?"

भिंगरी हसला. आजूबाजूची दारं उघडली होती, लोक बघत होते, म्हणून जरा जास्तच हसला.

मग तो वरच राहिला. कुबड्या घेऊन त्या जिन्यावर उतरणं शक्य नव्हतं. मेहुण्याला वेळ असेल तेव्हा खाली, नाहीतर खिडकी. बायको कपडे घेऊन दिवसभर वरखाली करायची. तिची पावलं जिन्यावर वाजली की तो मान वळवून दाराकडे बघायचा आणि ती आत आली की परत खिडकीकडे.

पायाच्या कराराची बैठक ठरली. आदल्या संध्याकाळी बायकोने इस्त्रीचं टेबल मोकळं केलं आणि त्यावर चढून बसली.

"मी साहेब," ती म्हणाली. "बोला. काय पाहिजे तुम्हाला?"

"जिना."

"जिना काय? जिना पाहिजे म्हणजे नवीन बांधून देऊ का? नीट सांगा."

चिमणी खिदळली. भिंगरी खाकरला. "मला माझ्या घराचा जिना एकट्याला चढता आणि उतरता आला पाहिजे."

"हां. आणि मशीन?"

"मशीनचं काय?"

"अहो, साहेब मशीनचं विचारणारच. तेव्हा म्हणायचं, जो पाय हा जिना चढेल तो मशीनवर उभा राहीलच. जिन्यात मशीन येतं. मशीनमध्ये जिना येत नाही. परत म्हणा."

त्याने परत म्हटलं. झोपायची वेळ होईपर्यंत ती त्याच्याकडून म्हणवून घेत राहिली.

बैठक साहेबांच्या केबिनमध्ये झाली. मेहुण्याला बाहेर बाकावर बसवलं. आत साहेब, करारवाल्या बाई आणि कृत्रिम पाय बनवणारे एक वयस्कर गृहस्थ, ज्यांना सगळे पायवाले मास्तर म्हणत. भिंगरीला खुर्ची दिली. त्याच्यासाठी चहासुद्धा आला, साहेबांच्या कपातला.

बाईंनी पेन उघडलं. त्यांचा आवाज खरंच मऊ होता. "घाबरू नका. हे वाक्य तुमचं आहे. आम्ही कोणी त्यात शब्द घालणार नाही. पाय मिळाल्यावर तुम्हाला काय करता आलं पाहिजे?"

भिंगरीने तोंड उघडलं. तेवढ्यात साहेब खिडकीतून खालच्या मशीनकडे बघत सहज म्हणाले, "तुझं मशीन अडून राहिलंय बरं का. एक नवीन माणूस बसवून बघितला. बरा आहे. हात चलाख आहे."

भिंगरीने तोंड मिटलं. चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "मशीनवर पूर्ण पाळी उभं राहता आलं म्हणजे झालं, साहेब."

"याला म्हणतात माणूस!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "बघा बाई, रडगाणं नाही, काही नाही."

बाईंनी लिहून घेतलं. मास्तरांनी चष्मा वर केला. "घर कितव्या मजल्यावर?"

"आहे वर," भिंगरी म्हणाला. "घराचं काय, होईल ते."

"जिना कसा आहे?"

"जिन्यासारखा."

साहेब मोठ्याने हसले. आपल्या बोलण्यावर साहेब हसले, हे त्याला इतकं बरं वाटलं की पुढचं काही त्याने नीट ऐकलं नाही. बाईंनी वाक्य दोनदा वाचून दाखवलं, बदल हवा का विचारलं. त्याने मान हलवली आणि सही केली.

बाहेर आल्यावर मेहुण्याने विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं." घरी बायकोने विचारलं, "जिना म्हणालात?" तो म्हणाला, "म्हणालो." बायकोने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं.

आता इथे गुडघ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं गुडघ्यावरच आहे. मांडीपासून पाय गेला की बनवलेल्या पायात गुडघाही बनवावा लागतो. एक गुडघा वाकतो. चालताना, पायरी चढताना तो थोडा दुमडतो आणि भार आला की अडकून धरतो. तो वापरायला माणसाला बरेच महिने शिकावं लागतं, आणि शिकेपर्यंत तो कधीतरी दगा देतो. दुसरा गुडघा कुलूपबंद. पाय काठीसारखा सरळ राहतो, दगा देण्याचा प्रश्नच नाही. बसायचं असेल तर बाजूची खीळ ओढून दुमडायचा. पूर्ण पाळी उभं राहायचं असेल तर दुसरा चांगला. खाली पंजा रुंद आणि जड घेतला की तोल जायची भीतीही उरत नाही.

मास्तरांनी मापं घेताना त्याला हे सगळं समजावलं. वर म्हणाले, "करारात जिना नाही. हवा असेल तर आत्ता सांगा. मी बाईंना फोन लावतो, वाक्य बदलून घेऊ."

भिंगरी म्हणाला, "नको, उगाच कशाला त्यांना त्रास."

पाय तयार झाला तो थेट कारखान्यात आला, कारण तपासणी मशीनवरच होणार होती. मेहुण्याने भिंगरीला तिथे सोडलं. मास्तरांनी पट्टे आवळले, कुलूप लावलं. भिंगरी मशीनसमोर उभा राहिला. सकाळी राहिला तो पाळीचा भोंगा होईपर्यंत. दट्ट्या खाली, दट्ट्या वर. शेजारच्या मशीनवाल्याने मध्येच विचारलं, "जमतंय ना रे?" भिंगरी जागेवरूनच म्हणाला, "जमतंय." चापट मारायला पायाचं कुलूप सोडवून तिकडे फिरावं लागलं असतं. भोंगा झाला तेव्हा साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. बाईंनी कागदावर 'साध्य' लिहिलं आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्यामुळे आज मला माझ्या कामाचा अर्थ कळला."

त्याच दिवशी कोणीतरी त्याला खांब म्हणालं. दुसऱ्या दिवशी सगळेच म्हणायला लागले.

संध्याकाळी मेहुण्याने त्याला टेम्पोतून इमारतीपाशी आणलं. बायको खाली येऊन उभी होती. चिमणी चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून वाकून बघत होती. शेजारपाजारचे दारात आले होते. बायकोने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

सरळ राहणारा पाय पायरीवर घ्यायचा तर तो बाजूने अर्धगोल फिरवून वर आणावा लागतो. त्याला जागा लागते. भिंगरीने पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला, कठडा धरला आणि डावा फिरवला. पंजा भिंतीवर आदळला. त्याने अंग तिरपं करून कसाबसा पाय वर ओढला. असं करत तो पहिल्या वळणापर्यंत गेला. तिथे बोटभर पायरीवर तो रुंद पंजा मावेना. वर घेता येईना, आणि खाली बघायचं तर पाय कुठे टेकतोय ते कळेना. तो वळणात बुचासारखा बसला. मागे कामावरून परतलेले लोक साचले.

"काका, चला ना पुढे," मागून एकजण म्हणाला.

"अहो, गियर टाका!" दुसरा म्हणाला आणि जिन्यात हशा पिकला.

"बाबा, या ना!" वरून चिमणी.

बायको त्याच्या मागेच होती. तिने त्या पायाकडे नीट पाहिलं, पँटवरून गुडघ्यावर हात ठेवला, दाबून बघितला. मग हळू आवाजात विचारलं, "तुम्ही जिना म्हणाला होतात ना?"

तो भिंतीकडे बघत होता.

"अहो, मी काय विचारतेय? जिना म्हणालात ना?"

"साहेब समोर होते," तो म्हणाला.

मेहुण्याने त्याला काखेत धरून उलटा खाली उतरवला. लोक भराभर वर निघून गेले. त्या दिवसापासून त्याची गादी जिन्याखालच्या खोलीत पडली. तिथे पाण्याचा पंप होता. पंप चालू झाला की गादी थरथरायची. कुबड्या आणि मेहुण्याची पाठ हा मार्ग होताच, पण मेहुणा म्हणाला, "भाऊजी, पाय नव्हता तोवर उचललं. आता पाय आहे. पाय असलेल्या माणसाला किती दिवस उचलू?" जेवण वरून दोरीला बांधलेल्या टोपलीतून खाली यायचं. चिमणी टोपली सोडायची आणि दोरी हलली की ओढून घ्यायची. आधी ती खाली वाकून बोलायची. मग शाळेचा अभ्यास वाढला.

बायको त्याला घेऊन करारवाल्या बाईंकडे गेली. बाईंनी दोघांना बसवलं, पाणी दिलं.

"ताई, पाय उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "वाक्य पूर्ण झालंय."

"वाक्य चुकलंय."

"वाक्य त्यांनीच सांगितलंय. मी दोनदा वाचून दाखवलं."

"मग नवीन लिहा."

बाईंनी करार उलगडला. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या, जे होतं ते सांगत होत्या. "साध्य झालेल्या वाक्याच्या जागी नवीन घालता येत नाही. आधीचं निष्फळ ठरावं लागतं. हमीची मुदत संपताना तपासणी आहे. तोवर ते मशीनवर तोल जाऊन पडले, उभं राहता येत नाही असं दिसलं, तर निष्पत्ती निष्फळ. मग करार उघडतो, मग नवीन वाक्य. आणि एक लक्षात असू द्या. निष्पत्ती मशीनवरची आहे म्हणून पाय कारखान्याच्या मालकीचा आहे. नोकरी सोडली तर पाय जमा करायचा."

रस्त्यात बायको मध्येच थांबली. मग म्हणाली, "सोपं आहे. पडा."

"काय?"

"मशीनवर पडा. सगळ्यांसमोर. आयुष्यभर तुम्हाला एका जागी उभं राहता आलं नाही. आता एकदा पडता येणार नाही?"

"आणि मशीनवरून काढलं तर? तो नवीन माणूस आहे."

"काढलं तर काढलं. बाईच म्हणाल्या, करार उघडतो."

त्यानंतर रोज संध्याकाळी ती कपड्यांचं गाठोडं घेऊन वर जाताना पंपाच्या खोलीपाशी थांबायची. आत न येता विचारायची, "पडलात?"

"आज साहेब फिरत होते."

"मग?"

"त्यांच्यासमोर कसं पडू?"

दुसऱ्या दिवशी साहेब फिरकलेच नव्हते, आणि कोणी बघणारच नसेल तर पडून उपयोग काय, असं त्याचं म्हणणं पडलं. पुढे पुढे ती नुसतं "हं?" एवढंच विचारायची आणि उत्तराची वाट न बघता पायऱ्या चढायला लागायची. इमारतीतल्या पोरांना हे कळलं. तीही शाळेतून येताना दारात डोकावून विचारायची, "काका, पडलात?" आणि पळून जायची.

तपासणीच्या दिवशी बायको स्वतः कारखान्यात आली. तिला मशीनच्या रांगेबाहेर, पिवळ्या पट्टीपलीकडे उभं केलं. साहेबांनी त्या दिवशी दुसऱ्या एका कारखान्यातले दोन अधिकारी पाहुणे म्हणून आणले होते. "हा आमचा खांब," साहेब म्हणाले. पाहुण्यांपैकी एकाने वाकून पायावर टिचकी मारली. "वा! ठणठणीत आहे," तो म्हणाला, आणि भिंगरीकडे न बघता साहेबांना विचारलं, "बनवून कुठून घेतलात?"

बाईंनी पेन उघडलं. "पाळीत कधी तोल गेला? कधी पडलात?"

भिंगरीने पिवळ्या पट्टीकडे बघितलं. बायको त्याच्याकडेच बघत होती. तिने मान किंचित खाली केली. पडा, असं.

त्याने उजवा गुडघा सैल सोडला. अंग कलायला लागलं. हात प्रेसच्या कडेवरून निसटले. आणखी थोडं गेलं असतं तर तो पडलाच असता.

साहेबांनी हसत त्याचं कोपर धरलं. "काय रे, दमलास?"

"नाही, साहेब!" तो ताठ झाला. "पूर्ण पाळी उभा राहतो. दोन म्हणाल तर दोन राहीन."

"ऐकलंत?" साहेब पाहुण्यांकडे वळले. बाईंनी मान डोलावली आणि लिहिलं, 'अपेक्षेपेक्षा अधिक साध्य.' पिवळ्या पट्टीपलीकडे त्या वेळी कोणी नव्हतं. ती निघून गेली होती.

दोन पाळ्यांचं साहेबांनी लक्षात ठेवलं. पुढच्याच आठवड्यापासून त्याला त्या लागल्या.

मग एका रविवारी दुपारी बायको खाली आली. या वेळी ती खोलीच्या आत आली आणि पंपाच्या चौथऱ्यावर बसली. तिच्या मनगटावर इस्त्रीचा ताजा चटका होता.

"दादाने जागा बघितली आहे," ती म्हणाली. "त्याच्या घराजवळ. तळमजला आहे. समोर दोन पायऱ्या आहेत, त्या तो फोडून उतार करून देतो म्हणाला. तिथून कारखान्याला रोज येणं जमणार नाही, एवढं लांब आहे."

"मग मशीन?"

"सुटेल."

"पाय जमा करावा लागेल."

"लागेल. कुबड्यांवर राहाल. पण घरात राहाल. इस्त्री मी तिथेही करीन." ती थांबली. "मी आणि चिमणी आज संध्याकाळी निघतोय. दादा टेम्पो घेऊन येईल. तुम्हाला यायचं का नाही ते मी ठरवणार नाही. साहेब नाहीत इथे, बाई नाहीत. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघायला लागला. कपाळावर आठी आहे का, डोळे कुठे वळतात, कुठलं उत्तर दिलं की ती खूश होईल. ती हे बघणं ओळखत होती. तरी ती बसून राहिली. पंप आपोआप चालू झाला, वरच्या टाकीत पाणी चढायला लागलं, टाकी भरली, पंप बंद झाला.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

ती उठली. "मी म्हणत होते तेव्हा कुठे केलंत?" एवढं बोलून ती वर गेली. तिची पावलं वळणागणिक हळू होत गेली आणि मग दार लागल्याचा आवाज आला.

संध्याकाळी टेम्पो आला. मेहुण्याने खोलीत डोकं घातलं, "भाऊजी, येताय का?" म्हणाला, आणि तो पायाचे पट्टे चाचपत बसलाय असं बघून वर गेला. जिन्यावरून सामान उतरायला लागलं. इस्त्रीचं टेबल वळणांवरून उभं करून काढावं लागलं. भांड्यांचं पोतं आलं, गाद्या आल्या. भिंगरी पाय चढवून जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, तर मेहुणा म्हणाला, "जरा बाजूला व्हा, वाटेत आहात." तो बाजूला झाला.

मेहुणा पुन्हा वर गेल्यावर जिना रिकामा झाला. भिंगरीने कठडा धरला, मान वर केली आणि एकदम ओरडला, "मला वर यायचंय!"

आवाज चारही मजल्यांवर घुमला. त्याच्या तोंडून हे कोणी कधी ऐकलं नव्हतं. पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं, एका बाईने बाहेर डोकावून पाहिलं आणि दार परत लावून घेतलं.

"मला वर यायचंय! माझ्या घरी यायचंय!"

चौथ्या मजल्याच्या कठड्यावर चिमणीचं डोकं दिसलं. ती प्रवासाचे कपडे घालून तयार होती.

"मग या ना, बाबा," ती म्हणाली.

त्याने उजवा पाय पायरीवर ठेवला. डावा फिरवला. पंजा भिंतीवर आदळला. ती थोडा वेळ बघत राहिली. मग आतून आईने हाक मारली आणि ती कठड्यावरून मागे झाली.